केसपेपरवर निद्रेचा रकाना हवा

सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळपासून रांगेत तिष्ठत उभा राहिलेला पन्नाशीचा इसम जेव्हा अखेर डॉक्टरांसमोरच्या स्टुलावर टेकतो, तेव्हा त्याचा रक्तदाब मोजला जातो, साखरेचा आकडा पाहिला जातो, तंबाखू-विडीची चौकशी होते, आणि हे सारे केसपेपरवर रीतसर नमूद होऊन गोळ्यांची चिठ्ठी त्याच्या हाती पडते. परंतु आयुष्याचा जो तिसरा हिस्सा तो अंथरुणावर घालवतो, त्या हिश्श्यात त्याच्या शरीराचे काय होते याविषयी त्याला सहसा कोणी काही विचारीत नाही. यात सर्वस्वी डॉक्टरांचा दोष आहे असे मी म्हणणार नाही. दोन-तीन मिनिटांत एक रुग्ण हातावेगळा करण्याची सक्ती ज्यांच्यावर आहे त्यांनी रात्रीची हकीकत ऐकत बसावे कसे, आणि रुग्णालाही ती सांगण्याजोगी गोष्ट वाटत नसेल तर ती निघावी तरी कशी? तथापि या मौनाची किंमत फार मोठी आहे, आणि ती अशी कुटुंबे वर्षानुवर्षे भरीत आली आहेत, ज्यांना आपण कशापायी भरतो आहोत याची कल्पनाही नाही.

निद्रेविषयी आपल्या समाजाने काही निवाडे पूर्वीच देऊन ठेवले आहेत. दिवसा ज्याला झापड येते तो आळशी. रात्री ज्याचा डोळा लागत नाही तो उगाच काळजी करणारा. मोठ्याने घोरणारा तो गाढ झोपेचा धनी आणि म्हणून भाग्यवान. आणि चार तास झोपून राबणारा तो कर्तबगार. हे चारही निवाडे माणसाच्या स्वभावावर दिलेले आहेत, त्याच्या शरीराची तपासणी करून दिलेले नाहीत, आणि ते जोवर कायम आहेत तोवर निद्रेची व्याधी जडलेला माणूस वैद्याकडे जाण्याऐवजी स्वतःलाच दूषणे देत बसणार, हे उघड आहे. या व्याधी स्वभावाच्या खात्यातून काढून रोगाच्या खात्यात दाखल झाल्या पाहिजेत, आणि त्यांची नोंद मधुमेहाइतक्याच गांभीर्याने दप्तरी लागली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या प्राचीन वैद्यकाला ही गोष्ट अपरिचित नव्हती. चरकसंहितेत आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ सांगितले आहेत, आणि सूत्रस्थानात सुख आणि दुःख, पुष्टी आणि कृशता, बल आणि दुर्बलता ही सर्व निद्रेच्या अधीन मानली आहेत. प्राचीनांपाशी नव्हते ते मोजमापाचे साधन. हान्स बर्गर या जर्मन वैद्याने मेंदूच्या विद्युत्‌लहरींचा आलेख १९२९ साली प्रसिद्ध केला, आणि १९५३ साली शिकागो विद्यापीठात यूजीन असेरिन्स्की व नॅथनियल क्लाइटमन यांनी झोपेत ठरावीक काळाने बुबुळे झपाट्याने हलू लागतात असे दाखवून दिले. निद्रा म्हणजे देहाची केवळ निश्चेष्ट अवस्था होय, ही समजूत तेथपासून मागे पडत गेली. सुमारे दीड-दोन तासांच्या आवर्तनांत मेंदू उथळ झोप, गाढ झोप आणि स्वप्नांची झोप अशा पायऱ्या पुनःपुन्हा चढतो-उतरतो. आणि ही चढउतार ज्याची रोज मोडते, त्याचा रक्तदाब, त्याची साखर, त्याची स्मृती आणि त्याचे मन यांपैकी काहीही दीर्घकाळ शाबूत राहत नाही.

प्रथम घोरण्याचा विचार करू, कारण ज्या गोष्टीला घरोघर हसण्यावारी नेले जाते तिच्याच आड सर्वांत दांडगा रोग दडलेला असतो. कोणत्याही चाळीत वा सदनिकेत, जेथे एका खोलीत चार माणसे झोपतात, तेथे गृहिणीला विचारून पाहावे. ती सांगेल, की यांचे घोरणे चढत चढत जाते आणि मग एकाएकी थांबते. छाती हलताना दिसते पण श्वासाचा आवाज येत नाही. ती अंधारात उठून बसते, नाकापुढे हात धरून पाहते, आणि तीस-चाळीस सेकंदांनी हे मोठा हुंदका दिल्यासारखे गचका खाऊन श्वास घेतात, कूस बदलतात आणि पुन्हा घोरू लागतात. सकाळी त्यांना यातले काहीच आठवत नाही. डोके जड असते, घसा कोरडा पडलेला असतो, रात्री लघवीला तीनदा उठावे लागलेले असते, आणि कचेरीत दुपारी फायलीवर मान कलंडते. या व्याधीचे नाव स्लीप ॲप्निया. निदानाच्या दृष्टीने त्या गृहिणीच्या साक्षीचे मोल फार मोठे आहे. परंतु तपासणीच्या खोलीत तिला बोलावले जात नाही, आणि बोलावलेच तर ‘घोरतात का?’ एवढ्यावर प्रश्न संपतो.

या व्याधीची क्रिया समजून घेणे अवघड नाही. जिभेच्या मुळामागील घशाच्या भागाला हाडाचा वा कूर्चेचा भक्कम आधार नाही. जागेपणी स्नायू तो मार्ग उघडा धरून ठेवतात, झोपेत ते सैलावतात, आणि मानेभोवती चरबी असेल, जबडा मागे असेल किंवा टॉन्सिल वाढलेले असतील, तर श्वास आत ओढताक्षणी ओल्या कापडाच्या नळीप्रमाणे तो मार्ग मिटून जातो. रक्तातील प्राणवायू उतरू लागतो. मेंदू धोक्याची सूचना देऊन माणसाला क्षणभर अर्धवट जागा करतो. हृदय धडधडते, रक्तदाब उसळतो, आणि मार्ग उघडतो. निदान दहा सेकंद टिकणारा असा अडथळा तासाला पाचाहून अधिक वेळा येऊ लागला की रोग मानतात, आणि तीस किंवा त्याहून अधिक वेळा येऊ लागला की तो तीव्र गणला जातो. तीस म्हणजे दर दोन मिनिटांना एक. जो देह रात्रभर दर दोन मिनिटांनी गुदमरतो, त्याचा रक्तदाब तीन-तीन गोळ्यांनीही आटोक्यात येत नसेल, त्याच्या हृदयाची लय बिघडत असेल, त्याला पक्षाघाताचा धोका वाढत असेल आणि त्याची साखर हटवादीपणे वर राहत असेल, तर त्यात नवल काय?

हा केवळ परदेशातील अतिस्थूल लोकांचा रोग होय, ही समजूतही खरी नाही. मुंबईतील फुप्फुसरोगतज्ज्ञ डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांचे सहकारी यांनी नेहमीच्या आरोग्यतपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी करून २००४ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत झोपेतील श्वसनाचा बिघाड १९.५ टक्के पुरुषांत आढळला, आणि त्या बिघाडाच्या जोडीला दिवसाची झापडही असणारे ७.५ टक्के निघाले. ही माणसे रुग्ण म्हणून आलेली नव्हती, हे येथे विशेष ध्यानात घेतले पाहिजे. स्त्रियांत हा रोग रजोनिवृत्तीनंतर वाढतो, आणि तो पुष्कळदा घोरण्याऐवजी थकवा, उदासपणा आणि तुटक झोप यांच्या रूपाने प्रकट होत असल्याने त्यांच्या वाट्याला निदानाऐवजी ‘या वयात असे व्हायचेच’ हे वाक्य येते. मुलेही यातून सुटलेली नाहीत. वाढलेल्या टॉन्सिल-ॲडेनॉइडमुळे तोंड उघडे टाकून झोपणारे मूल दिवसा पेंगतेच असे नाही. ते चिडखोर, चंचल होते, त्याचे अभ्यासात लक्ष लागत नाही, आणि ज्याचा कान-नाक-घसा तपासायला हवा होता त्याला शाळेत ‘व्रात्य’ हा शेरा मिळतो.

याच ठिकाणी देह आणि मन यांच्यामधील भिंत ढासळते. सतत गुदमरून उठणारा माणूस महिन्यामहिन्यांनी तुसडा होत जातो, घरात त्याचे पटेनासे होते, कामात चुका होतात, आवडीच्या गोष्टींतून मन उडते. तो मनोविकारतज्ज्ञाकडे गेला तर नैराश्याची बहुतेक लक्षणे त्याच्यात भरतील, आणि त्याला नैराश्यावरील गोळ्या मिळतील, परंतु त्याच्या घशाकडे कोणी पाहणार नाही. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली नाकावाटे दाबाखालील हवा सोडून तो मार्ग रात्रभर उघडा ठेवण्याची युक्ती प्रसिद्ध केली, आणि आजचे सीपॅप यंत्र तिच्यातूनच आले. त्या यंत्राविषयी वाजवीपेक्षा अधिक दावे करणे मला अप्रशस्त वाटते: हृदयविकार वा पक्षाघात आधीच होऊन गेलेल्या २,७०० हून अधिक रुग्णांवर घेतलेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत या यंत्राने पुढील झटके कमी झाले नाहीत. त्या रुग्णांनी यंत्र रात्री सरासरी साडेतीन तासही लावले नव्हते, हेही त्याचबरोबर नमूद केले पाहिजे. पण त्याच चाचणीत दिवसाची झापड कमी झाली आणि मनःस्थिती सुधारली. म्हणजे हृदयाविषयी वाद शिल्लक असला तरी मनाविषयीचा पुरावा पुरेसा बोलका आहे. यंत्राची किंमत मात्र पुष्कळ कुटुंबांच्या महिन्याच्या मिळकतीहून अधिक असते, आणि तपासणीचा खर्च वेगळा.

दुसरी एक व्याधी आहे, जी मुख्यतः स्त्रिया सोसतात आणि जिच्याविषयी जवळजवळ कोणीच बोलत नाही. दिवसभर पायांवर उभी राहिलेली बाई रात्री अंथरुणाला पाठ टेकते, आणि पोटऱ्यांच्या आतून काहीतरी वळवळू लागते. दुखत नाही, खाजत नाही, पण पाय हलवल्यावाचून राहवत नाही. ती पाय झाडते, एकमेकांवर घासते, मुलीला पायांवर उभे राहायला सांगते, जुन्या लुगड्याची पट्टी पोटऱ्यांवर आवळून बांधते, आणि अखेर रात्री एक वाजता उठून स्वयंपाकघराच्या गार फरशीवर येरझाऱ्या घालू लागते. चालले की बरे वाटते, निजले की पुन्हा सुरू. स्वीडनच्या कार्ल-आक्सेल एकबोम यांनी या अस्वस्थ पायांच्या विकाराचे सविस्तर वर्णन १९४५ साली केले, आणि शरीरातील, विशेषतः मेंदूतील, लोहाच्या तुटवड्याशी त्याचा निकट संबंध असल्याचे पुढे सिद्ध झाले. गरोदरपणी आणि मूत्रपिंडाच्या रोगात तो बळावतो. सर्दीवरच्या काही गोळ्यांनी आणि नैराश्यावरच्या काही औषधांनीही वाढतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांत रक्तक्षय आढळला, हे ध्यानात घेतले म्हणजे या विकाराची आपल्याकडील व्याप्ती किती असू शकेल याचा अदमास करता येतो. शरीरातील लोहाचा साठा दाखवणाऱ्या, रक्तातील फेरिटिनची एक तपासणी आणि उणीव असल्यास लोहाचा उपचार एवढ्याने कितीतरी जणींना रात्र परत मिळेल. त्याऐवजी त्यांना मिळते कॅल्शियमची गोळी, मालिशाचे तेल, आणि ‘मनाचे खेळ’ हा अभिप्राय. या अभिप्रायाची मला मनस्वी चीड येते, कारण तो देणाऱ्याने रक्ताची साधी तपासणीही केलेली नसते.

मग राहिला निद्रानाश. आठवड्यातून निदान तीन रात्री आणि सलग तीन महिने, झोपेला पुरेशी सवड असूनही ती येत नाही किंवा टिकत नाही, आणि त्याचा दिवसावर परिणाम होतो, तेव्हा त्याला दीर्घकालीन निद्रानाश म्हणतात. पूर्वी मानसशास्त्रात असा रिवाज होता, की निद्रानाश हे नैराश्याचे वा चिंतारोगाचे केवळ लक्षण समजावे आणि मूळ रोग बरा झाला की ते आपोआप जाईल असे मानावे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या रोगवर्गीकरणाने २०१३ साली हा रिवाज मोडला आणि निद्रानाशाला स्वतंत्र व्याधीचे स्थान दिले, ते योग्यच झाले. कारण ज्यांना नैराश्य मुळीच नव्हते अशा निद्रानाशग्रस्तांत पुढे नैराश्य येण्याचा धोका सुमारे दुप्पट असतो असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसून आले आहे. उलट बाजूने नैराश्यात पहाटे तीन-चार वाजता जाग येऊन पुन्हा डोळा लागत नाही, आणि त्या घटकेस मनात येणारे विचार अत्यंत काळे असतात. उन्मादाच्या आजारात झोपेची गरजच कमी भासू लागणे ही येऊ घातलेल्या झटक्याची पूर्वसूचना असू शकते; ती ओळखण्यास शिकलेल्या कुटुंबांनी आपल्या माणसाला वेळीच दवाखान्यात नेऊन सावरले आहे. म्हणून झोपेची हकीकत हा मनोरुग्णाच्या कागदपत्रांतला सर्वांत सोपा आणि सर्वांत विश्वासू साक्षीदार आहे असे मी मानतो.

आणि तरीही आपल्याकडे निद्रानाशाचा उपचार म्हणजे अल्प्राझोलामची गोळी. हे औषध कायद्याने अनुसूची एच-१ मध्ये आहे, म्हणजे चिठ्ठीवाचून ते देता येत नाही आणि दिल्याची नोंद दुकानदाराने वेगळ्या वहीत ठेवली पाहिजे. परंतु सहा वर्षांपूर्वीची विटलेली चिठ्ठी दाखवून ते बिनदिक्कत मिळते, आणि सत्तरीतल्या आजी ते ‘झोपेची अर्धी’ या नावाने रोज घेत राहतात. पहाटे लघवीला उठताना त्यांचा तोल जाऊन खुब्याचे हाड मोडते, स्मृती मंदावते. आणि गोळी एकाएकी बंद केली तर झटकेही येऊ शकतात, म्हणून ती सोडवणे हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू, करायचे काम आहे. त्याहून घातक प्रकार असा, की ॲप्नियाचा रुग्ण ‘झोप नीट होत नाही’ एवढेच सांगतो आणि त्याला हीच गोळी मिळते; अशा गोळ्या घशाचे स्नायू अधिक सैल करून त्याचे गुदमरणे वाढवू शकतात. रात्रीची दारूही हेच करते.

अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१६ साली दीर्घकालीन निद्रानाशावर प्रथम उपचार म्हणून औषधाची नव्हे तर वर्तनोपचाराची शिफारस केली. त्याचे नियम ऐकायला साधे वाटतात: अंथरूण केवळ निद्रेसाठी, वीस-एक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसावे, रात्र कशीही गेली तरी उठण्याची वेळ मुक्रर, आणि प्रत्यक्षात पाच तास झोप होत असेल तर आठ तास अंथरुणावर तळमळत न पडता तेवढाच वेळ, प्रथम थोडा, मग वाढवीत वाढवीत, झोपेला द्यावा. पाळायला मात्र हे कठीण आहे, पहिले दोन आठवडे दिवसा विलक्षण झापड येते, आणि उन्मादाचा इतिहास असलेल्यांनी ते आपल्या मनाने करू नये. म्हणून रुग्णाला सोबत लागते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातील समुपदेशकांना हे शिक्षण मराठीतून देण्याची तजवीज शासनाने करावी. आणि एका खोलीत सहा माणसे निजतात तेथे ‘दुसऱ्या खोलीत बसावे’ या सूचनेचे काय करायचे, याचा विचार आपल्याच समुपदेशकांना करावा लागेल. तो परक्या पुस्तकातून मिळणार नाही.

रातपाळीचा प्रश्न स्वतंत्र लेखाचा आहे. गिरणगावात तिसऱ्या पाळीवरून सकाळी परतलेला कामगार, पत्र्याच्या उन्हात आणि मुलांच्या गलक्यात, किती झोपत असेल याची चौकशी त्या काळी फारशी झाली नाही. आज परिचारिका, पहारेकरी, पोलीस आणि कॉल सेंटरमधील तरुण यांची गत तीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली देहाचे घड्याळ बिघडवणाऱ्या पाळीच्या कामाची गणना संभाव्य कर्करोगकारकांत केली. निवासी डॉक्टरांचे काम दिवसाला बारा आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांपलीकडे सहसा जाऊ नये, असे केंद्र शासनाचे निर्देश १९९२ पासून आहेत. त्यांचा अंमल किती होतो हे कोणत्याही निवासी डॉक्टरला विचारावे. कायद्याने निद्रेची दखल घेतलेलीच नाही असे नाही. दिल्लीच्या रामलीला मैदानावर रात्री झोपलेल्या आंदोलकांवरील पोलिसी कारवाईच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली निद्रा ही जीविताच्या मूलभूत हक्कात गणली. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ साली रात्रभर चाललेल्या चौकशीबद्दल तपासयंत्रणेला खडसावताना झोपेचा हक्क ही माणसाची मूलभूत गरज असल्याचे म्हटले. निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. आणि चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत असा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये मुलांच्या झोपेचा विचार करूनच घेतला. तत्त्व मान्य आहे; दवाखान्यापर्यंत ते अजून पोहोचलेले नाही, इतकेच.

म्हणून माझी मागणी मोठ्या इस्पितळांची नाही. आशासेविका तीस वर्षांवरील माणसांची माहिती भरताना तंबाखू, दारू आणि कमरेचा घेर विचारतात. त्याच अर्जात आणखी चार प्रश्न असावेत: घोरताना श्वास थांबतो असे घरचे म्हणतात का, दिवसा बसल्या बसल्या डोळा लागतो का, रात्री पाय स्वस्थ राहतात का, आणि तीन महिन्यांपासून झोप मोडते आहे का. शेवटच्या प्रश्नाला होकार आला तर मनाची विचारपूस तेथेच व्हावी. घरी नेऊन लावता येईल असे झोपेच्या तपासणीचे छोटे यंत्र प्रत्येक जिल्हा रुग्णालयात काही नगांत तरी असावे, आणि सीपॅप यंत्र भाड्याने देण्याची सोय असावी.

आणि आरंभ चालकांपासून व्हावा. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. त्या सरळसोट रस्त्यावर पहाटे तीन ते पाचच्या सुमारास, जेव्हा देहाचे घड्याळ कोणालाही झोपेकडेच ओढीत असते, ॲप्निया असलेला चालक चाळीस माणसे घेऊन निघालेला असू शकतो, आणि त्याच्या वैद्यकीय दाखल्यासाठी डोळे तपासले जातात तशी झोप तपासली जात नाही. कायद्याने त्याच्या कामाचे तास बांधून दिले आहेत, पण मोडकी झोप घेऊन आलेल्या चालकाला आठ तासही जास्तच होतात. यावर कोणी म्हणेल, की प्रश्न विचारले तर चालक खोटे सांगतील, कारण परवाना गेला तर घरची चूल विझेल. हा आक्षेप अगदी रास्त आहे, आणि म्हणूनच तपासणीचा नियम करतानाच असाही नियम व्हावा, की रोग आढळलेल्या चालकाचा परवाना कायमचा रद्द होणार नाही, उपचाराच्या काळात त्याला मालकाने दुसऱ्या कामावर पगारी ठेवावे, यंत्राचा खर्च मालक व शासन यांनी वाटून उचलावा, आणि उपचाराने झापड गेल्याचे तपासणीत दिसताच त्याला पुन्हा गाडीवर घ्यावे. यंत्र नियमाने लावणाऱ्या बहुतेकांची झापड काही आठवड्यांतच उतरू लागते. तेवढ्या आठवड्यांचा पगार कोणत्याही परिवहन महामंडळाला वा खाजगी मालकाला झेपण्याजोगा आहे.